मेंदूचे तीन भाग आणि त्यांची कामे

परळ नाक्यावर बसची वाट पाहणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दादरकडे जाणारी बस येते. तो क्रमांक वाचतो, हीच आपली बस असे ठरवतो, लगबगीने जाऊन दांडी धरतो आणि पायरी चढतो. एवढ्या साध्या कामासाठीही मेंदूचे तिन्ही भाग राबत असतात.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. मात्र शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. म्हणूनच त्याचा रक्तपुरवठा काही मिनिटे तुटला तरी पेशी मरू लागतात.

मोठा मेंदू : यालाच प्रमस्तिष्क म्हणतात. बसचा क्रमांक दिसतो तो याच्या मागच्या भागामुळे. कपाळामागचा भाग विचार करतो, निर्णय घेतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. माथ्याखालच्या भागाला स्पर्श कळतो, तर कानाजवळच्या भागात ऐकणे व स्मरण यांचे काम चालते. डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा भाग डावी. बहुतेकांचे बोलण्याचे केंद्र डावीकडे असते. त्यामुळे उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते.

लहान मेंदू : हा अनुमस्तिष्क डोक्याच्या मागे, खालच्या बाजूस असतो. तोल सांभाळणे आणि हालचालीत मेळ राखणे हे त्याचे काम. दारू प्यायलेल्याचे पाय लटपटतात, ते या भागावर परिणाम झाल्यामुळे.

मस्तिष्कस्तंभ : हा मेंदूचा देठ. श्वास, हृदयाचे ठोके आणि गिळणे यांवर त्याचे नियंत्रण असते. डोळ्यांच्या हालचालींची केंद्रेही येथेच आहेत.

या भागांचा परस्परसंबंध दाखवणारे एक संशोधन मुंबईतच झाले. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. या कुटुंबांतील रुग्णांचा चालताना तोल जाई आणि त्यांची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर झटकन न जाता अगदी सावकाश सरके. तोल जाण्याचे कारण लहान मेंदूत होते, तर संथ नजरेचे मस्तिष्कस्तंभात. हा विकार आनुवंशिक असून आईवडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्यामागचा जनुकदोष १९९६ साली सापडला.

हा विकार विरळा आहे. पक्षाघात मात्र घरोघरी माहीत आहे. 'अंगावरून वारे गेले' असे आपण म्हणतो. पण वारा कोठूनही येत नाही. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले किंवा एकाएकी तोल गेला, तर मालिश, अंगारेधुपारे यांत वेळ दवडू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, म्हणून पाणीही पाजू नका. मनानेच रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णाला साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. रात्री लक्षणे दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.