उशिरा आलेला माल आणि परतीचे शुल्क

परीक्षेपूर्वी हाती पडावे म्हणून पुस्तक ऑनलाइन मागवावे आणि ते परीक्षा आटोपल्यावर यावे, हा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. ते परत करू म्हटले, तर किमतीतून ‘पुनर्साठा शुल्क’ कापले जाते. हे शुल्क न्याय्य आहे काय, असे करारविषयक कायदा शिकवताना मला वारंवार विचारले जाते.

माझ्या मते, व्यवहार कोणामुळे मोडला हे आधी पाहावे. परत आलेला माल तपासणे, पुन्हा बांधणे, गोदामात नोंदवणे यांत विक्रेत्याचा खर्च होतो. ग्राहकाचे केवळ मन बदलले असेल आणि शुल्काची अट खरेदीपूर्वीच स्पष्ट सांगितलेली असेल, तर तो खर्च ग्राहकाने सोसणे गैर नव्हे. परंतु विक्रेत्यानेच मुदत मोडली, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास अथवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त महापुरासारख्या अटळ आपत्तीचा. अशा वेळी शुल्क कापणे म्हणजे तेवढ्या रकमेपुरता नकारच होय.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ‘अंदाजे तारीख’ आणि निश्चित सांगितलेली तारीख यांवरून वाद होऊ शकतो. म्हणून मागणी नोंदवतानाच तारीख व परतीच्या अटी दाखवणाऱ्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे. दुसरे असे की, मुदत हाच ज्या कराराचा गाभा आहे, तेथे उशिरा आलेला माल मुकाट्याने स्वीकारल्यास उशिराबद्दलची नुकसानभरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तसे कळवावे लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ मध्ये हे सांगितले आहे.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. त्याने ४८ तासांत पोच द्यावी व महिन्याच्या आत निवारण करावे, असा नियम आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदवण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीचा असला, तरी बेळगावच्या विद्यार्थ्याला बेळगावातच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोग तक्रारीचे शुल्क घेत नाही. शे-दीडशे रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून गप्प बसणाऱ्यांनी एवढे तरी जाणून असावे.