टाळ्यांऐवजी चुटक्या

प्रश्न : '१२० बॅटमाँ पार मिन्युत' हा फ्रेंच चित्रपट पाहिला. त्यातल्या सभेत एखाद्याचं बोलणं पटलं की लोक टाळ्या न वाजवता चुटक्या वाजवतात. ही तिकडची रीत की दिग्दर्शकाची करामत?

उत्तर : दोन्ही नव्हे, ती 'अ‍ॅक्ट अप' या संघटनेची शिस्त. एड्सकडे सरकार आणि औषध कंपन्या काणाडोळा करतात म्हणून १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये ही चळवळ उभी राहिली आणि १९८९ मध्ये पॅरिसची शाखा निघाली. दिग्दर्शक रोबँ काँपियो आणि सहलेखक फिलिप मांजो दोघेही या शाखेचे जुने कार्यकर्ते, त्यामुळे सभेचा सगळा तपशील आतल्या माणसाच्या माहितीचा आहे.

चुटक्यांचं कारण चित्रपटात सुरुवातीलाच नवख्यांना सांगितलं जातं : टाळ्यांच्या गजरात बोलणाऱ्याचा आवाज बुडतो, चुटकीने बुडत नाही. पाठिंबाही कळतो आणि चर्चाही थांबत नाही. आपल्याकडे टाळ्या पडल्या की वक्ता सुखावतो, पाण्याचा घोट घेतो आणि तोच मुद्दा पुन्हा मांडतो. त्या सभागृहात ही चैन कुणालाच परवडणारी नव्हती. काळ १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या शरीरात विषाणू होता आणि तो रोखून धरेल असं औषध हाती नव्हतं. पुढच्या वर्षी आपण या बाकावर असू की नाही हे ठाऊक नसलेली विशी-तिशीतली माणसं औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष, घोषणा, पत्रकाचा मजकूर यांवर कडाकडा भांडतात, आणि मध्येच चुटक्यांची सर येते, पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत तशी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण चित्रपटातली प्रेमकथाही याच घाईतून घडते असं मला वाटतं. नातान हा त्या नवख्यांपैकीच एक. त्याला लागण झालेली नाही. शॉनला झालेली आहे. दोघांची गाठ सभेतच पडते. ओळख, रुसवेफुगवे, कबुली असा सावकाश चढत जाणारा प्रवास इथे नाही. एका शाळेत घुसून पत्रकं वाटताना एक विद्यार्थिनी तुच्छतेने बोलते, तर हे दोघे तिथल्या तिथे एकमेकांचं चुंबन घेतात. त्यात निषेध किती आणि ओढ किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढे रात्री अंथरुणात शॉन आपल्याला लागण कशी झाली ते सांगतो. सोळाव्या वर्षी, पहिल्याच वेळी, गणिताच्या विवाहित शिक्षकाकडून. हे ऐकताना दया दाखवायला आपल्याला फुरसतच मिळत नाही, कारण बोलणं संपताच दोघे पुन्हा एकमेकांच्या मिठीत असतात. शेवटी शॉन जातो तेव्हा घरी जमलेले मित्र कॉफी पीत बातमीचं पत्रक कसं लिहायचं ते ठरवतात आणि त्याच्या आईशी राखेच्या वाटणीची बोलणी होतात. आजाऱ्याच्या उशाशी व्हायोलिन वाजवणाऱ्या चित्रपटांपेक्षा हा प्रसंग मला कितीतरी खरा वाटला.

नावातले मिनिटाला १२० ठोके हाउस संगीताच्या तालाचे. सभा-मोर्चे आटोपले की ही मंडळी त्यावरच नाचतात. निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीपेक्षा हा वेग बराच जास्त आहे, हे वेगळं सांगायला नको. चित्रपटाला २०१७ मध्ये कान महोत्सवाचा ग्राँ प्री मिळाला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझारही.

प्रश्न : मग या लोकांना औषध मिळालं का?

उत्तर : जे टिकले त्यांना. पॅरिस शाखेचे एक अध्यक्ष क्लूज व्हेले १९९४ मध्येच गेले. तीन औषधं एकत्र देण्याचा परिणामकारक उपचार १९९६ मध्ये आला, तेव्हा सुरुवातीचा साठा तुटपुंजा होता. फ्रान्सच्या राष्ट्रीय एड्स परिषदेने चक्क सुचवलं की रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडावेत! त्यावर इतका गदारोळ झाला की सरकारने ती सूचना बाजूला ठेवली.

श्रीमंत देशांबाहेर मात्र वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरचा हा उपचार कुणाच्या आवाक्यात नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने त्याच तऱ्हेचा तिहेरी उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी खर्चात, देऊ केला. ज्या संस्थेला हा देकार दिला, ती 'मेदसाँ साँ फ्राँतिएर' पॅरिसमध्येच १९७१ साली स्थापन झालेली.