स्पारवुडची टायटन

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत, स्पारवुड हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तेथे हमरस्त्याच्या कडेला हिरव्या रंगाची एक अवाढव्य मालमोटार उभी आहे. तिच्या चाकाशेजारी उभा राहिलेला उंच मनुष्यही चाकाच्या निम्म्याहून थोडासाच वर येतो. तिचे नाव टायटन.

टायटन ऑंटारिओ प्रांतातील लंडन शहरी १९७३ साली तयार झाली. (इंग्लंडची राजधानी ती ही नव्हे!) तिच्यात आगगाडी ओढणारे १६ सिलिंडरांचे, ३,३०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसविले होते. मौज अशी की, हे इंजिन स्वतः चाके फिरवीत नसे. ते जनित्र फिरवी. जनित्रातील वीज मागच्या चाकांच्या चार मोटारींकडे जाई आणि त्या मोटारी चाके फिरवीत. अशा रीतीने ती एका खेपेस सुमारे ३१७ मेट्रिक टन माल वाहून नेऊ शके. मग तिचा हौदा वर उचलला जाई आणि सारा माल घरंगळून खाली पडे. सुमारे २५ वर्षे तिच्याहून मोठी मालमोटार जगात झाली नाही.

पण तिला भावंड लाभले नाही. बाजार मंदावला आणि दुसरी टायटन बांधलीच गेली नाही. प्रथम कॅलिफोर्नियातील लोखंडाच्या खाणीत व १९७८ पासून स्पारवुडच्या कोळशाच्या खाणीत राबून १९९१ साली ती थांबली.

थांबलेले यंत्र स्वस्थ राहत नाही. रबरी नळ्या वाळून तडकतात, तेलात पाणी उतरते, सिलिंडरांत गंज चढून दट्टे जागीच अडकतात. असे इंजिन एकदम सुरू करू पाहणे म्हणजे ते मोडणेच होय. आधी जुने तेल काढावे, दट्ट्यांवर तेल सोडावे आणि यंत्र सावकाश फिरवून पाहावे, अशी रीत आहे. एकुलत्या एका टायटनला पुन्हा धावती करणे तर फारच खर्चाचे काम होते.

मग तिचे भंगार करायचे काय? तसे झाले नाही. तिची डागडुजी झाली, रंग चढला आणि १९९३ पासून ती लोकांना पाहण्यासाठी उभी राहिली. ते अवजड इंजिन मात्र काढून घेण्यात आले होते. प्रवासी आज तिच्यापाशी थांबतात, चाकाला टेकून छायाचित्रे काढतात. जेथे ३,३०० अश्वशक्ती गरजत असे, ती जागा आत रिकामी आहे.