प्रजनक माशांचे खाद्य व मत्स्यबीज

पावसाळ्याच्या आरंभी कटला, रोहू किंवा मृगळ या माशांच्या मादीस इंजेक्शन देऊनही ती अंडी सोडीत नाही, अथवा सोडलेल्या अंड्यांपैकी थोडीच फळतात, असा अनुभव पुष्कळ मत्स्यसंवर्धकांना येतो. दोष इंजेक्शनास दिला जातो. वस्तुतः अशा वेळी उन्हाळ्यात माशांना काय खाद्य मिळाले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हे मासे निसर्गतः नदीला पूर आला असता अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण दूर केली. परंतु हा अर्क किंवा हल्लीचे कृत्रिम संप्रेरक अंडी निर्माण करीत नाही. तयार झालेली अंडी बाहेर पडण्यास केवळ चालना देते. अंडी तयार होतात ती खाद्यातून.

माघ-फाल्गुनात पाणी तापू लागले की मादीच्या अंडाशयाची वाढ सुरू होते. खाद्यातील प्रथिनांपासून यकृतात बलकाचे द्रव्य बनते व रक्तावाटे अंड्यात साठते. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले सुमारे तीन दिवस याच बलकावर जगते. म्हणून मादीची उपासमार झाल्यास अंडी तर घटतातच, शिवाय पिल्लेही अशक्त निपजतात.

कोल्हापूर जिल्ह्यात भुईमूग व भात ही दोन्ही पिके होत असल्याने खाद्य गावातच जुळविता येते. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घ्यावा. रोजचे खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के असावे. म्हणजे १०० किलो प्रजनकांस १ किलो पेंड व १ किलो कोंडा. पेंड भिजवून, कोंड्यात कालवून, ठराविक वेळी व ठराविक जागी द्यावी. मिश्रणात थोडी सुक्या मासळीची कुटी घातल्यास अंड्यांस आवश्यक ती स्निग्धाम्ले मिळतात. कटला पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो. त्यासाठी तळ्यास बेताने शेणखत द्यावे. बुरशी आलेली पेंड मात्र कदापि वापरू नये. तीतील विषाने यकृतास अपाय होतो.

अधिक खाद्य म्हणजे अधिक अंडी, असे समजू नये. अतिखाद्याने मादीच्या पोटात चरबी साठते व अंडी सुटण्यास अडथळा येतो. उरलेले खाद्य कुजून पाण्यातील प्राणवायू कमी होतो. खाद्य उरू लागल्यास किंवा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागल्यास खाद्य त्वरित कमी करावे. तळ्यात हेक्टरी १५०० ते २००० किलोंहून अधिक प्रजनक ठेवू नयेत.

ज्येष्ठात जाळे ओढून परीक्षा करावी. पक्व मादीचे पोट फुगीर व मऊ असते आणि गुदद्वार लालसर दिसते. पक्व नराचे छातीवरील पर खरखरीत लागतात व पोट हलके दाबताच पांढरा द्रव येतो. ही लक्षणे नसलेल्या माशांस इंजेक्शन देण्याचा खर्च करू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघापासूनच संवर्धकांकडून रोजच्या खाद्याची नोंद ठेवून घ्यावी. पावसाळ्यात बीज कमी पडल्यास कारण शोधण्यास तीच उपयोगी पडेल.