रेडिओचा शब्द आणि गावची चर्चा

अमेरिकेतील १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास करून पॉल लाझार्सफेल्ड प्रभृतींनी असे मांडले, की रेडिओ-वृत्तपत्रांतील विचार प्रथम मोजक्या जाणत्यांकडे जातात व त्यांच्या मुखातून इतरांस कळतात. १९५६ साली पुणे आकाशवाणीने कोल्हापूरसह पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली. वीस कार्यक्रम ऐकून त्यांवर त्यांनी चर्चा करावयाची होती. पॉल न्यूराथ यांच्या पाहणीत मंडळांच्या गावी शेतीविषयक ज्ञान पुष्कळ वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावी फारच थोडे! मात्र मंडळात एकाने सांगावे व इतरांनी ऐकावे, असे नव्हते. सिद्धान्त येथेच आम्हांस लंगडा वाटतो. आमच्या निपाणीकडे तंबाखूचा भाव शेजाऱ्यास सांगावा, तर तोच उलट चार प्रश्न विचारतो.