वही तीच, मग खर्च वेगळा का?

प्रश्न : आमचा वह्यांचा छोटा कारखाना आहे. मे महिन्यात २०,००० वह्या काढल्या, खर्च ४ लाख ८० हजार. वही २४ रुपयांना पडली. ऑगस्टमध्ये ८,००० निघाल्या, खर्च २ लाख ५२ हजार. वही साडेएकतीस रुपयांना. कागदाचा आणि मजुरीचा दर तोच होता. सप्टेंबरमध्येही काम तेवढंच दिसतंय. त्यात एक संस्था ५,००० जादा वह्या २२ रुपयांनी मागते आहे. आमचे हिशेबनीस म्हणतात, उघड तोटा आहे. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑर्डर घ्या, पण पुढचा हिशेब समजून घेऊन. साडेएकतीस रुपये ही ऑगस्ट महिन्याची सरासरी आहे. नव्या ५,००० वह्यांसाठी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम ती नव्हे.

कागद, कव्हर, पिना, नगावरची मजुरी हे खर्च वहीगणिक वाढतात. गाळ्याचं भाडं, सुपरवायझरचा पगार, विमा, मशीनचा घसारा हे मात्र महिन्याला ठरलेले. एक वही निघो की वीस हजार. काही खर्च दोन्हीकडचे असतात. महावितरणचं बिल काढून बघा : ‘स्थिर आकार’ मशीन बंद ठेवलं तरी लागतो, ‘वीज आकार’ वापरलेल्या युनिटांवर. अशा बिलाची फोड करूनच ते हिशेबात मांडायचं.

तुमच्याच आकड्यांतून ही फोड निघते. उत्पादनात फरक १२,००० वह्यांचा, खर्चात २ लाख २८ हजारांचा; म्हणजे वहीमागे १९ रुपये. मे महिन्यातल्या वह्यांचे याप्रमाणे ३ लाख ८० हजार झाले. उरलेला १ लाख हा महिन्याचा स्थिर खर्च. दोनच महिने घेतले की हा ताळा जुळणारच, त्यावर विसंबू नका. जून-जुलैचे आकडेही याच सूत्रात घालून बघा. फार फरक पडला तर कुठला तरी खर्च चुकीच्या रकान्यात गेला आहे.

आता ऑर्डर. येणार १ लाख १० हजार, जादा खर्च ९५ हजार. हातात १५ हजार उरतात. महिन्याच्या १३,००० वह्यांचा एकूण खर्च ३ लाख ४७ हजार, म्हणजे सरासरी २६ रुपये ६९ पैसे. विकतोय २२ ला, तरी ऑर्डर फायद्याची कशी, इथे भलेभले अडखळतात. पण तो १ लाख ऑर्डर नाकारली तरी भरायचाच आहे. म्हणून अशा निर्णयात सरासरी बाजूला ठेवावी आणि एकूण खर्च किती वाढतो तेवढंच बघावं, असं माझं ठाम मत आहे.

मात्र २२ हा नेहमीचा भाव होऊ देऊ नका. वहीमागे फक्त ३ रुपये सुटतात. सगळा माल याच भावाने गेला तर नुसता स्थिर खर्च निघायला महिन्याला ३३,३३४ वह्या विकाव्या लागतील. तुमच्या नेहमीच्या दुकानदारांपर्यंत हा भाव पोचला तर ते तोच मागतील, तेव्हा संस्थेच्या वहीचं कव्हर वेगळं छापा.

आणि उत्पादन वाढलं की वही स्वस्तच पडते, असंही नाही. महिन्याला २५,००० वह्या याच गाळ्यात, याच माणसांत निघाल्या तर वही २३ ला पडेल. त्यासाठी दुसरी पाळी लावावी लागली आणि तिच्या सुपरवायझरचा, गोदामाचा मिळून समजा ४० हजार खर्च वाढला, तर तीच वही २४ रुपये ६० पैशांना. मे महिन्यापेक्षा महाग!

राहिला शिल्लक मालाचा प्रश्न. ऑगस्टच्या उरलेल्या वह्या साडेएकतीसने ताळेबंदात घेऊ नका. लेखा मानक २ प्रमाणे उत्पादनाचा स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो. काम कमी झालं म्हणून प्रत्येक नगावरचा बोजा वाढवता येत नाही. तुमची नेहमीची क्षमता १६,००० धरली आणि सगळा १ लाख उत्पादनाचाच मानला, तर वहीवर सव्वासहा रुपये बसतात; साठ्यात वही २५ रुपये २५ पैशांनी येते. ऑगस्टच्या ८,००० वह्यांवर ५० हजारच बसतात. उरलेले ५० हजार त्याच वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात खर्ची टाका.