डिसेंबरात ये

दापोली

चि. सायली,

मार्चमध्ये वेळासला येऊन कासवांसाठी काहीतरी काम करायचं म्हणतेस. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर मार्चमध्ये ये, पण तेव्हा मदतीपेक्षा मोबाइल जास्त असतात. काम करायचं असेल तर डिसेंबरात ये.

तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, उजाडायच्या आत पुळणीवर चालत असतो. कित्येक दिवस हाती काहीच लागत नाही. एखाद्या दिवशी मादीचा वर आलेला आणि परत गेलेला माग दिसतो. मग काठीने वाळू चाचपून घरटं शोधायचं, दीडेक फुटांवरची शंभरभर अंडी काढायची आणि हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, मडक्यासारखा तोंडाशी अरुंद खड्डा करून पुरायची. हे काही तासांतच व्हावं लागतं आणि अंडं फिरवायचं नाही; आतला जीव कवचाला चिकटू लागलेला असतो, तो दगावतो. खोलीही मनाने बदलायची नाही, कारण खोलीप्रमाणे वाळूची ऊब बदलते. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त निघतात, थंड असेल तर नर. पुढे पन्नासेक दिवस नुसती राखण.

हे सारं तिथली माणसं करतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने वेळासला हे काम सुरू केलं. त्याआधी अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात, माणसंही खात. पुढे गावच राखणदार झालं. पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय घराघरांत होते, त्याचे चार पैसे गावातच राहतात. म्हणून पुण्याहून येऊन त्यांना पर्यावरण शिकवायला बसू नकोस. तू बी.एस्सी. झालीस याचं मला कौतुक आहे, पण कासवमित्राला त्याचं काय! तो सांगेल ते कर: नोंदवही लिही, किनाऱ्यावर आलेली तुटकी जाळी गोळा कर. घरटं दिसलं तर स्वतः उकरू नकोस, त्याला हाक मार. कायद्याने या कासवाला वाघाइतकंच संरक्षण आहे. रात्री पुळणीवर टॉर्च नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि भलतीकडे जातात.

रजा किती दिवसांची मिळते ते कळव, म्हणजे वेळासला एका घरी तुझ्या राहण्याचं विचारून ठेवते. शनिवार-रविवारपुरतीच येणार असशील तर मात्र मार्चच बरा.

तुझी,
मावशी